साहेबांच्या आवाजातला फोन

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं न्हाय. आता तुम्ही सरसावून बसला असणार. पोरगी असंल, परीक्षेतली कॉपी असंल, न्हायतर दारू. तसलं काय न्हाय बघा. मी नकला करतो, त्यातनं झालेलं हाय. हसायचंच असंल तर आत्ताच हसून घ्या, पुढं जागा न्हाय.

आमच्या कसबा बावड्यात, अगदी घरासमोर, एक रिटायर ब्रिगेडियर साहेब ऱ्हात्यात. लेफ्टनंट म्हणून लागले, ब्रिगेडियर हून भाईर पडले. दर पंधरा ऑगस्टला शाळेत यायचे, कोटावर पदकांची रांग लावून. कडेपासनं सुरू करायचे, एकेकावर बोट ठेवून. हे बर्फातलं, हे सरहद्दीवरचं, हे नुसतं टिकून राहिल्याबद्दल. मग मानाच्या पदकावर बोट थांबायचं. घसा खाकरायचे. "हे माझं नाही. हे दत्तूचं आहे."

दत्तू म्हंजे दत्तू तात्या, नेसरीचा, साहेबांच्या पलटणीतला, हवालदार म्हणून रिटायर झालेला. साहेब कॅप्टन असताना गोळीबारात साहेबांनी "पुढे" म्हटलं आणि तात्या पुढं गेला. पदक साहेबांना मिळालं. साहेबांनी तात्याची बी शिफारस केलती, पण वर कुणी ऐकली न्हाय. हे ते माईकवर, सगळ्या शाळेदेखत सांगायचे. सांगतंय का कोण असं?

आणि मी काय उचललं? साहेबांचं ते खाकरणं. गणपतीत स्टेजवर साहेबांची नक्कल केली की मंडळाची पोरं हसून खुर्च्यांवरनं पडायची. साहेब बी पुढच्या रांगेत बसून हसायचे — म्हणून वाटलं, चालतंय की.

आता साहेब शाळेत येत न्हाईत. तब्येत बरी न्हाय म्हणत्यात. रोज सकाळी फिरताना दिसत्यात मला.

सांगतो. थांबा जरा.

एक दिवस मंडळाच्या पोरांसंगं आमच्या घराजवळच्या कट्ट्यावर बसलतो. तात्याचा नंबर माझ्याकडं हुता. मागं शाळेत आलता तवा भरतीची चौकशी करायला म्हणून घेतलता. एक पोरगं म्हणालं, "लाव की. साहेब हून बोल." दुसऱ्यानं कुठलं तरी सिम दिलं. फोन स्पीकरवर टाकला. खाकरलो.

"दत्तू, मी बोलतोय. नवा नंबर आहे हा."

तिकडं खाट करकरली. उभा ऱ्हायला असणार. "जय हिंद, साहेब."

"तुझं पदक मंजूर झालं. रविवारी घरी ये. कोट घालून."

पोरांनी तोंडात रुमाल कोंबलते. तिकडनं लई हळू, "साहेब... मंडळींना आणलं तर चालंल न्हवं?"

इथं थांबायचं हुतं. इथं कुणीबी थांबलं असतं — न्हाय का? मी म्हटलं, "आण की." साहेब कधी "की" लावत न्हाईत. माझीच जीभ घसरली. तात्यानं तेबी ऐकून घेतलं. त्याला खरंच वाटून घ्यायचं हुतं.

रविवारी बाकीची पोरं गायब. मी मात्र कट्ट्यावर. का बसलो? बघायला. खोटं कशाला बोलू.

तात्या आला. इस्त्रीचा कोट, त्यावर नोकरीत मिळालेली साधी दोन पदकं, मागं नऊवारीतली काकू, हातात पेढ्यांचा बॉक्स. दार साहेबांनीच उघडलं. तात्यानं कडक सॅल्यूट मारला. "पदकासाठी आलो, साहेब."

साहेबांना काय कळंना. "कोण म्हणालं तुला?"

"तुम्हीच की, साहेब."

"मी फोन केलेला नाही, दत्तू."

तात्याचा हात खाली आला. "आवाज वळखत न्हाय व्हय मी? त्या आवाजावर गोळीबारात शिरलोय."

साहेब म्हणाले, "आत ये, बसून बोलू." तात्या म्हणाला, "थट्टा करायची हुती तर एकट्याला बोलवायचं. हिला कशाला?" मग पाठ फिरवली. जाताना सॅल्यूट न्हाय. काकूंनी पेढे तिथंच पायरीवर ठेवले. साहेब दारात तसेच उभे.

रस्ता वलांडला असता तर चार पावलं. "तात्या, मी हुतो" म्हणायला कितीसा येळ लागतोय? सगळ्या जगाच्या आवाजात बोलता येतंय मला. बसून ऱ्हायलो. संध्याकाळी सिम पंचगंगेत टाकून आलो.

घरी आलो तर आई दारातच. तिनं खिडकीतनं बघितलतं.

"कट्ट्यावर हुतास न्हवं मगाशी?"

"व्हय."

"दोन म्हातारी माणसं उन्हात, कुठनं कुठनं आलेली. जाताना ती बाई पदरानं घाम पुसत हुती. मी चूल टाकून भाईर येस्तवर गेली बी. तू समोर बसलेलास. उठून पाणी तरी इचारायचं? एवढा वाढलास, माणसागत वागायला कधी शिकणार रं? पुन्यांदा मला असलं दिसलं तर बघ."

मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. पाण्याबद्दलचं.