एकतिसावं घर

सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ऑफिसात फोन आला. माझा मित्र दिवाकर ज्या कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांची सूची करायचा, तिथल्या बाई बोलत होत्या. अकरा वर्षांत तो न कळवता कधी गैरहजर राहिला नव्हता, म्हणून त्यांनी अपार्टमेंटच्या मॅनेजरला दार उघडायला लावलं होतं. तो खुर्चीतच गेला होता. हृदयविकार, डॉक्टरांच्या अंदाजानं रविवारी सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान. म्हणजे साधारण तीस तास तो तसाच होता... आमच्या घरापासून सव्वादोन मैलांवर. कामावरच्या फॉर्ममध्ये ‘जवळची व्यक्ती’ म्हणून त्यानं माझं नाव लिहिलं होतं. हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. याला आता सात आठवडे झाले.

आमची ओळख ऐंशी सालातली, प्रिन्स्टन जंक्शनच्या फलाटावरची. गाडी चाळीस मिनिटं लेट होती. शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलेलं एक जाडजूड पुस्तक तो वाचत होता आणि मधूनच मराठीत पुटपुटत होता. मी सांगलीचा, तो नागपूरच्या इंदोऱ्याचा, बौद्ध वस्तीतला. पुस्तक होतं चारशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन राजकीय विचारवंताबद्दल. त्याचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही. दिवाकर त्याला ‘आमचे वकीलसाहेब’ म्हणायचा. उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या एका लहान बंदराच्या शहराची वकिली त्या गृहस्थानं तीसेक वर्षं केली, तिथल्या सरदाराविरुद्ध शहराच्या हक्कांसाठी भांडला आणि राज्य कशानं उभं राहतं यावर मोठा ग्रंथ लिहिला. दिवाकरची पीएच.डी. त्याच्यावर होती. ती पुरी झाली नाही. टाइप केलेली पानं चारशे बारा.

दर दुसऱ्या शनिवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. पोळी मोडता मोडता वकीलसाहेब निघायचेच. “अरे, राजा काही वरून टपकत नाही. आधी घर, मग एका धंद्यातल्या लोकांची संघटना, मग गाव, मग प्रांत, मग राज्य. खालचे एकमेकांना शब्द देतात, म्हणून वरचा उभा. त्यानं शब्द मोडला की उतरवायचा खाली.”

“आणि एकटा माणूस यात कुठे बसतो, भाऊजी?” माझ्या बायकोनं, सुनंदानं, एकदा विचारलं.

“तिथेच तर गाडी अडलीय, वहिनी,” तो हसला. “आणि वकीलसाहेब धर्माच्या बाबतीत फार कडक. त्यांच्या शहरात मला कोणी खोली भाड्यानं दिली असती का, तेही बघायचंय.”

हसला खरा, पण पुढची पोळी त्यानं घेतली नाही.

आमचं इथलं मराठी मंडळ सुरू झालं तेव्हा मी सेक्रेटरी होतो. सभासदत्व कुटुंबाचं, असा नियम मी मांडला. दिवाकर सभेत उभा राहिला आणि म्हणाला, एकटा माणूस हेही एक घर धरा. ते मंजूर झालं. अशी एकतीस घरं झाली. हिवाळ्यात बर्फ पडला की कार्यक्रम कॅन्सल व्हायचे, म्हणून मी फोनची साखळी आखली: पहिल्यानं दुसऱ्याला कळवायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. दिवाकरच्या घरी फोन उचलायला दुसरं कोणी नव्हतं. तो बाहेर असला तर साखळी तिथेच तुटेल, म्हणून मी त्याला शेवटी ठेवलं. हिशेब बरोबर होता. त्यानं कागद पाहिला आणि म्हणाला, “ही साखळी आहे. कडं कर तिचं. शेवटच्यानं तुला फोन केला पाहिजे.”

“एक फोन उगाच वाढतो. काय गरज?”

“शेवटचा नुसता ऐकणारा राहतो रे. त्यानं कोणाला काही सांगायचंच नाही?”

“तुला सांगायला कोणी हवंय, तर मला शनिवारी सांगतोसच की!”

“बरं बाबा क्वालिटीवाले, तुमचंच खरं,” असं म्हणून त्यानं कागदाची घडी खिशात घातली. मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघतो, म्हणून हे नाव.

त्या रविवारी संक्रांतीचा कार्यक्रम होता आणि पहाटेपासून बर्फ. साडेसातला मी पहिला फोन केला. नऊच्या सुमारास तिसाव्या घरच्या शैलाताईंनी दिवाकरला दोनदा लावला. उचलला नाही. “वाटलं, लायब्ररीत गेले असतील,” त्या मला रडत म्हणाल्या. “आणि उचलला नाही तर कोणाला सांगायचं, ते कागदावर नव्हतं हो.” नव्हतंच. कागद मी केला होता. नऊला तो होता की गेलेला होता, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. त्यांनी दोन्ही वेळा सांगितलं, नक्की सांगता येणार नाही.

मंडळानं आता नियम बदलून साखळीचं कडं केलं आहे. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

नागपूरहून त्याच्या भावानं कागदपत्रं मागितली आहेत. खोलीचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलेलं आहे, म्हणून ऑफिसातून येताना मी तिथे थांबतो आणि एक एक खोका भरतो. चारशे बारा पानांतली साठ वाचून झाली. निम्मं कळत नाही. परवा तिथून निघण्याआधी, उशीर झाला म्हणून घरी फोन लावला. सहा वेळा वाजला, सात, आठ... सुनंदा बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होती, हे नंतर कळलं. तेव्हा ठाऊक नव्हतं. रिसीव्हर कानाला धरून मी त्या खुर्चीशेजारी उभा राहिलो, आणि तो खाली ठेववेना.