भावाच्या गाडीतला जॅमर

माझा धाकटा भाऊ हिंजवडीतल्या एका कंपनीची कॅब चालवतो. मी प्रवासी विमान चालवते. जांबे गावातल्या आमच्या घरी पाहुणा आला की आई सांगते, "एक वरनं हाकती, एक खालनं."

गेल्या पावसाळ्यात रजेवर आले, तेव्हा आम्ही तिघं त्याच्या कॅबनं ताम्हिणीला मावशीकडे निघालो. मी भावाशेजारी, आई मागे. नकाशा उघडला तर मोबाइलवर आमचा ठिपकाच येईना. मग दिसलं, चार्जरच्या जागी एक काळी, आखूड वस्तू खोचलेली. उपग्रहाचा सिग्नल बंद पाडणाऱ्या असल्या जॅमरचे फोटो आम्हाला प्रशिक्षणात दाखवले होते.

"हे कशाला लावलंयस?"

"त्यानं गाडी कुटं हाय ते कंपनीला दिसत न्हाई."

"विमानतळावरही असाच जातोस?"

"जातोय की. सायबांना सोडाय."

महिन्यापूर्वीच एका दुसऱ्या शहरात उतरताना आमच्या विमानाचा उपग्रहाचा सिग्नल गेला होता. खाली दाट ढग. जमिनीवरच्या रेडिओच्या आधारानं नीट उतरलो, पण खाली कुठंतरी जॅमर लावून बसलेल्या त्या माणसाला मी कॉकपिटमध्ये सणसणीत शिवी हासडली होती.

मी गाडी कडेला घ्यायला लावली आणि आईसमोर त्याला वाट्टेल ते बोलले. अडाणी म्हणाले. विमानात दीडशे माणसं असतात, तुझ्यासारख्यांमुळे मरतील, म्हणाले.

तो स्टिअरिंगकडे बघत हळूच म्हणाला, "साखर हाय मला, ताई. सारखं लघवीला उतराय लागतंय. गाडी थांबली की लगीच फोन, का थांबली? मागं पोरी बसलेल्या असत्यात. त्यांच्यासमोर काय सांगू?"

आईला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. उड्डाणात मी कॅप्टनला सांगून जागेवरून उठते. मला कुणी कारण विचारत नाही.

त्यानं जॅमर उपसून माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्याच्या कंपनीतल्या सुपरवायझरकडे गेलो. जॅमर मीच टेबलावर ठेवला, साखरेचंही मीच सांगितलं. भाऊ भिंतीकडे बघत उभा होता. वाटेत थांबायची त्याला मुभा मिळाली, विमानतळाची ड्युटी मात्र गेली. मग कंपनीनं सगळ्या गाड्या तपासल्या आणि आणखी काही जॅमर निघाले. ज्यांच्याकडे सापडले ते ड्रायव्हर त्याच्याशी बोलेनासे झाले. तो आता डबा गाडीत एकटाच खातो.

मी रजा संपवून परत कामावर गेले.