शेवटच्या बाकापर्यंत

तुम्ही आमच्या चर्चचा विषय काढलातच, तर तिथे माझी कशी शोभा झाली तेही ऐका. चहा घ्या आधी, मी जरा लांबण लावतो.

मुलुंडमधलं आमचं प्रेस्बिटेरियन चर्च पाहिलंय का तुम्ही? टॉवरांच्या मधे दिसतच नाही म्हणा. स्कॉटिश मिशनऱ्यांनी बांधलेलं. काळ्या दगडाच्या भिंती, वर सागवानी तुळयांचं उंच छप्पर. मूर्ती नाही, रंगीत काचा नाहीत. मधोमध उंच व्यासपीठ आणि त्याच्यावर लाकडी छत्री. का? तर आमच्यात उपदेश महत्त्वाचा. पाळकांचा शब्द शेवटच्या बाकापर्यंत गेलाच पाहिजे. असं दुसरीकडे कुठे आहे का? म्हणजे असेलही, मी शपथ घेणार नाही.

तर आमचे सेक्रेटरी साळवे त्या छपराखाली फॉल्स सिलिंग घालायला निघाले. एसी, स्पीकर, सगळं.

मी मीटिंगमध्ये उठलो. "साळवे, छप्पर झाकलंत तर चर्च गेलं. इथे माइक लागतच नाही."

"सर, मागे काही ऐकू येत नाही."

"येतं. मी सिद्ध करतो."

आता काय गरज होती? पीएचडी आहे माझी, पण इतिहासात. ध्वनिशास्त्राशी माझा संबंध रेडिओपुरता. पण बोलून बसलो. ठरलं असं, की रविवारी उपासनेनंतर मी माइकशिवाय बोलायचं. शब्द कळले तर शेवटच्या बाकावरच्यांनी हात वर करायचे. नाही केले, तर सिलिंग.

तोवर माझी झोप उडाली. रविवारी व्यासपीठावर चढलो आणि घाबरून चर्चचा इतिहास असा ओरडून सांगितला, की आवाज भिंतींवर आपटून नुसता गलका झाला. एकही हात वर नाही. शेवटच्या बाकावरच्या मार्थाकाकूंनी तर कानच झाकले.

साळवे गालात हसले. संपलं, म्हटलं. गेलं छप्पर.

पहिल्या बाकावर माझी बायको सुनंदा बसली होती. तिच्याकडे बघून मी व्यासपीठावरूनच हळूच म्हणालो, "अगं, खरं सांगू? मला यातलं काही कळत नाही."

शेवटच्या बाकावरचे सगळे हात वर.

साळवेंनी एकदा छपराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "सिलिंग कॅन्सल. वाट लागली माझ्या एसीची."

छप्पर अजून उघडं आहे, या एकदा बघायला. पाहुणे आले की ते दाखवायचा मान माझा. ताठ मानेने व्यासपीठावर चढतो, इतिहास सुरू करतो, आणि मागून मार्थाकाकू म्हणतात, "सर, ते राहू द्या. तुमचं ते वाक्य म्हणा. दुसरं काहीच तुम्ही इतक्या खात्रीने बोलत नाही."