दिपाची हजेरी

साखऱ्याजवळच्या तांड्यावर शाळेची वेळ जेवढी रुख्मिणीबाईला पाठ आहे तेवढी शाळेतल्या पोरांनाही नाही. वय साठीच्या पुढं, शाळेत नाव कधीच नव्हतं. पण घंटा झाली की म्हातारी सुपात तूर घेऊन वर्गाच्या उंबऱ्यात येऊन बसलीच. तूर निवडायची म्हणे. घरी ओटा आहे, सावली आहे, गप्पा तोंडी लावायला चार बाया आहेत, तरी हिची तूर शाळेतच निवडली जाते. बरं, दिवाळीपासून सूपही तेच आणि तूरही तीच. खडा कधीचाच गेला असेल, आता दाणे झिजायची वेळ आली.

खरं कारण काय ते सगळ्या तांड्याला ठाऊक होतं.

दिवाळी उरकली की निम्मा तांडा ऊसतोडीला निघतो. यंदा तिचा मुलगा ओमप्रकाश आणि सून संगिता गेले, सोबत तिसरीतली नात दिपाही गेली. ट्रकचा फाळका धरून रुख्मिणीबाई म्हणाली होती, “लेकराला मह्यापाशी राहू दे, संगिता. तिची शाळा हाय.”

“ठेवते की, आई. मग फडात बाळाला कोण सांभाळंल? तुमी येता?”

बाळ सहा महिन्यांचं. म्हातारीचे गुडघे असे, की शाळेच्या दोन पायऱ्या चढतानाही देवाचं नाव घ्यावं लागतं. तिनं फाळका सोडला.

पण शाळेत स्वप्निल सर होते. हिंगोलीहून मोटरसायकलवर येणारा हा तरणा माणूस. याला गप्प बसवत नाही. वर्गाच्या भिंतीवर टीव्ही आहे, त्यावर पोरं कविता बघतात, पाढे म्हणतात. यंदा सरांनी त्याला नवीन काम लावलं. ऊसतोडीला गेलेल्या सात पोरांच्या आईबापाच्या फोनवर रोज संध्याकाळी पुस्तकाचं एक पान पाठवायचं. पोरानं आधी “हजर” म्हणायचं, मग ते पान वाचायचं आणि आवाज भरून परत पाठवायचा. सकाळी हजेरीला वर्गातल्या पोरांची नावं संपली की सर हे आवाज टीव्हीवर लावत. “दिपा ओमप्रकाश राठोड,” असं सर म्हणाले की भिंतीतून उत्तर यायचं, “हजर, सर!” आणि उंबऱ्यातलं सूप थांबायचं. पान वाचून होईपर्यंत तुरीला हात नाही.

मग पौषात एके दिवशी दिपाचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी सरांनी नाव घेतलं, थोडं थांबले, पुढं गेले. पंचवीस वर्षांमागं ओमप्रकाशही तिसरीतच होता. आईबापासंगं उसाला गेला आणि गुढीपाडव्याला परतला, तर तेव्हाचे मास्तर म्हणाले, “नाव कटलं त्याचं.” पोरगं म्हशींमागं गेलं आणि तिथून थेट कोयत्याकडं. ते कटलेलं नाव रुख्मिणीबाई अजून विसरलेली नाही.

पाचव्या दिवशी सर म्हणाले, “दिपा ओमप्रकाश राठोड.”

“हजर!” उंबऱ्यातून खणखणीत आवाज आला.

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. सरांच्या हातून खडू पडला. “आजी, तुमी काहून हजर?”

“काहून म्हंजे? रेशनच्या मशीनवर घरातल्या कुणाचाबी अंगठा चालतो का न्हाई? दिपाचा राशन मीच आनते. मंग हजेरीला मी का न्हाई चालत?”

“हे रेशन न्हाई, आजी.”

“मंग नाव कटतंय का तिचं?”

“न्हाई कटत.”

“तवाच्या मास्तरानं बी ओमप्रकाश जाताना असंच म्हनलं व्हतं.”

सरांनी फोन तिच्या तोंडापुढं धरला. “तिलाच सांगा, तिच्या जागी कोण बसलंय.”

म्हातारी फोनवर अशी ओरडली, की बिनफोनचंही फडापर्यंत ऐकू गेलं असतं. “दिपा! मी हाय इथं. तुझं नाव मी राखून राहिले. शेळी व्याली. दोन पिल्लं हायेत, एक तुझ्यावानी आगाऊ हाय!”

निरोप गेला आणि एका खुणेवर अडकला. पोरांनी तिला समजावलं, एक खूण म्हणजे गेला, दोन म्हणजे पोचला. तेव्हापासून म्हातारी रोज सरांच्या फोनात डोकवायची. “दुसरी फुटली का?” जशी काही बी पेरून आली होती.

दहाव्या दिवशी हजेरीला सर नाव घेऊन थांबले, आणि भिंत बोलली. “हजर, सर! पप्पाचा फोन पान्यात पडला व्हता. आजी, तू कितवीत बसली गं? सर मारतेत का?” पोरं खिदळली. म्हातारीनं पदर तोंडाला लावला, तो हसू दाबायला की आणखी कशाला, ते तिलाच ठाऊक. मग दिपा वाचू लागली. मागं उसावर कोयते पडत होते. “ससा बाजाराला निघाला. त्याच्या डोक्यावर टोपली होती. वाटेत त्याला...”

“दिपे! बाळ रडून राहिलं, घे त्याला!” संगिताचा आवाज आला, आणि सगळं बंद झालं.

“सर,” रुख्मिणीबाई हळूच म्हणाली, “अर्ध्या पानाची हजेरी लागती का?”

“लागते, आजी.”

पोरांना पान पाठ. दोघं-तिघं उठलेच, “आजी, वाटेत त्याला काय भेटलं, सांगू?”

“अजिबात सांगू नका रे!” ती सूप घेऊन उभीच राहिली. “मही दिपा येऊन सांगंल.”

दिपा परतायची त्या पाडव्याला अजून दोन महिने होते. तांड्यावर गोष्ट लपते थोडीच! संध्याकाळी तिचा चुलत दीर थावरा ओट्यावरून ओरडला, “काय वयनी, पोचला का तुमचा ससा बाजारात?”

रुख्मिणीबाई आगाऊ पिल्लाला कडेवर घेऊन रस्त्याकडं बघत होती.

“वाटंतच हाय अजून,” ती म्हणाली.