डोंगर डाव्या हाताला

आमच्या घरात रस्ता विचारायचा तो मला, असा अलिखित नियम होता. नोकरीभर मी हायवे आखले. कुठल्याही नव्या गावात गाडी घातली तरी उत्तर दिशा कुठे आहे हे मला कुणी सांगावं लागत नसे. मुलगी लहान असताना मागच्या सीटवरून विचारायची, "बाबा, आर वी लॉस्ट?" आणि मला भयंकर राग यायचा. हरवतात ते दुसरे लोक, असं माझं प्रामाणिक मत होतं.

त्यामुळे गेल्या वर्षी जवळच्याच अर्विंग गावातल्या इंडियन ग्रोसरीतून बाहेर पडून गाडीत बसलो आणि घर कुठल्या बाजूला हे सुचेचना, तेव्हा मी ते कुणालाही सांगितलं नाही. शेजारच्या सीटवर कोथिंबीर होती, दुधी होता, आणि मी स्टिअरिंग धरून नुसता बसलो होतो. किती वेळ ते आठवत नाही. मग कधीतरी आठवलं आणि मी घरी आलो. बिलिंगला लाईन होती, असं हिला सांगितलं. दोन महिन्यांनी फ्रिस्कोत, आमच्याच वसाहतीत, संध्याकाळी फिरून आलो आणि गॅरेजचा कोड दाबत उभा राहिलो. दार उघडेना. चौथ्यांदा दाबताना लक्षात आलं की हे घर आपलं नाही. इथली सगळी विटांची घरं एका साच्यातली, कुणीही चुकेल, अशी मी माझी समजूत घातली.

मुलगी दूर श्रूजबरीला असते आणि दर वीकेंडला कुठला ना कुठला डोंगर चढते. न्यू मेक्सिकोतली ही वाट तिनंच सुचवली. शेकडो वर्षांपूर्वी स्पॅनिश लोक येऊन राहिले त्या डोंगराळ मुलखातलं मातीच्या घरांचं एक गाव, त्यामागे उघडाबोडका खडकाळ डोंगर, माथ्यावर पांढरं चॅपल, म्हणजे छोटंसं चर्च, आणि त्या डोंगराला वळसा घालून परत गावातच येणारी सात मैलांची वाट. "बाबा, लूप आहे, बट इट्स टफ. प्लीज ॲप डाउनलोड करा," ती म्हणाली. मी म्हटलं, ज्यानं रस्ते बांधले त्याला ॲप कशाला? मग तिनं वाटेचं वर्णन ईमेल केलं, अकरा मुद्द्यांचं, आणि मी ते प्रिंट केलं. मनाशी मात्र वेगळंच ठरवलं होतं. ही वाट कुणाच्या मदतीशिवाय पार पडली, तर डोकं शाबूत आहे. नाही पडली, तर निमूट डॉक्टरकडे जायचं आणि घरात सांगायचं. ही माझी गुपचूप परीक्षा होती आणि परीक्षक मीच होतो.

ऑक्टोबर होता. सकाळी गावाबाहेर गाडी लावली, बूट घट्ट केले, कागद काढला. पहिला मुद्दा: डोंगर डाव्या हाताला ठेवून ओढ्याच्या बाजूनं निघा. मी निघालो तर ही जागची हलेना.

"अहो, आपण उलटं जाऊ या."

"का म्हणून?"

"वर देऊळ आहे ना? मग देव उजव्या हाताला पाहिजे. प्रदक्षिणा उलटी घालतात का कुणी?"

मी बघतच राहिलो. एक तर ते चॅपल. दुसरं म्हणजे हिला देवाधर्माचं सोयरसुतक नाही. फ्रिस्कोच्या देवळात मी आत जातो आणि ही बाहेर चपलांपाशी कुणाशी तरी गप्पा मारत उभी असते. मी समजावलं की कागद एका दिशेनं लिहिलाय, उलटं गेलो तर सगळं शेवटून वाचावं लागेल. ती म्हणाली, "मग वाचा शेवटून. एवढे इंजिनिअर आहात." यापुढे मी हात टेकले. डोंगर उजव्या हाताला घेतला आणि अकराव्या मुद्द्यापासून सुरुवात केली.

डावीकडे वळा असेल तिथे उजवीकडे वळायचं आणि चढ असेल तिथे उतरायचं, इतकंच असेल असं मला वाटलं होतं. पण पहिल्याच अर्ध्या तासात डोक्याचा भुगा झाला. सुलट येणाऱ्याला जिथे एखादी वाट बाजूनं नुसती येऊन मिळते, तिथे आमच्यापुढे फाटा यायचा, आणि त्याचा कागदावर पत्ताच नाही. येऊन मिळणाऱ्या वाटेची नोंद कोण कशाला ठेवेल? खडकांवर निळे बाण रंगवले होते, तेही पलीकडच्या अंगाला. दहा पावलं चालायचं आणि मागे वळून बाण शोधायचा. मान दुखायला लागली. उंचीवर हवा विरळ असल्यानं धापही लागत होती. एका ठिकाणी तीन वाटा फुटल्या. मी कागद उभा धरला, आडवा धरला, पालथा धरला. ही शांतपणे दगडावर बसून बदाम खात होती.

"कुठली?" तिनं विचारलं.

"थांब जरा."

मला खरंच कळत नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, मला का कळत नाही हे कळत नव्हतं. उलट चालल्यामुळे गोंधळ होतोय, की माझ्या डोक्यातच तो आहे आणि सुलट चाललो असतो तरी झालाच असता? हे तपासायचं कसं? मोजायची पट्टीच बिघडली असेल तर ती कशानं मोजणार? मी हिच्यावर चिडलो. तुझ्या प्रदक्षिणेपायी हे सगळं, म्हणून ओरडलो. एरवी शब्दाला शब्द देणारी ही बाई बदामाची पुडी बांधून उठली. अखेर मधली वाट धरली आणि ती बरोबर निघाली. कशी निघाली ते आजही सांगता येणार नाही.

पुढे गुरांसाठी घातलेलं काटेरी तारेचं कुंपण आणि त्यात एक फाटक आलं. बंद करून जा, अशी पाटी होती, पण अडकवायची कडी तुटलेली. तिथेच पडलेला निळ्या दोरीचा तुकडा घेऊन मी फाटक बांधलं. गाठीवर गाठ आणि वर एक फास, साइटवर चाळीस वर्षं बांधली तशी. मग एक अरुंद घळ लागली. दोन्हीकडे तांबडे कडे, डोंगर दिसेनासा झाला. तिथे सावलीत बसून आम्ही धपाटे आणि लसणाची चटणी खाल्ली. मला बरं वाटलं. अर्ध्याहून जास्त झालं होतं. मी उठलो, सॅक पाठीला लावली आणि झपाझपा निघालो.

घळीतून बाहेर आलो आणि थबकलो. डोंगर डाव्या हाताला होता. माथ्यावर पांढरं चॅपल, अगदी स्वच्छ दिसत होतं, पण डावीकडे.

डोंगर काही जागा सोडून जात नाही. मी डोळे मिटून मनात नकाशा काढायचा प्रयत्न केला. घळ वाकडी असेल, तिच्यातून आपण डोंगराच्या मागच्या अंगाला आलो असू. किंवा हा दुसराच डोंगर, त्याच्यावरही चॅपल असेल. या लोकांचा काय नेम! मागे पाहिलं. ही दोन पावलं अंतर ठेवून उभी होती, कमरेवर हात ठेवून, आणि दूर कुठेतरी पाहत होती. मी तसाच पुढे चालत राहिलो.

थोड्या वेळानं कुंपण आलं. फाटक होतं आणि ते निळ्या दोरीनं बांधलेलं होतं. गाठीवर गाठ, वर फास. मला खरोखर आनंद झाला. म्हटलं, बघ, या उजाड डोंगरात आपल्यासारखा व्यवस्थित गाठ मारणारा कुणीतरी आहे! मी हिला ती गाठ कौतुकानं दाखवली सुद्धा. बोटानं चाचपून पाहिली. आणि मग बोट तिथेच राहिलं.

मी दगडावर बसलो. जेवून उठलो आणि आल्या वाटेनं परत निघालो होतो. घळीत ना कागद वाचायचा होता, ना बाण शोधायचे होते, उलटसुलट काही नव्हतं. मला भीती वाटली, सरळ सांगायचं तर रडू आलं. ही शेजारी येऊन बसली, पाण्याची बाटली पुढे केली.

"उलट चालतोय ना आपण, त्यानं गोंधळ होतो," ती म्हणाली. "कुणाचाही होईल."

"हो ना," मी घाईघाईनं म्हटलं. बुडत्या माणसानं काडी पकडावी तसं मी ते वाक्य पकडलं. उरलेली वाट ती पुढे आणि मी मागे, असे चाललो. कागद तिच्या हातात होता. कुठे वळलो, काय पाहिलं, मला फारसं आठवत नाही. तिच्या निळ्या टोपीकडे बघत चाललो, एवढं आठवतं. ऊन कलायच्या आत गावात पोचलो.

गाडीत बसल्यावर सिग्नल आला आणि मुलीचा फोन आला. स्पीकरवर होता.

"आई, हाउ वॉज इट? एवढा वेळ का लागला?"

"उलटे गेलो गं. प्रदक्षिणा म्हणून."

"व्हॉट? आई, तू? तू तर देवळात चपला सांभाळतेस!" ती हसत सुटली. "आणि मी तुला फोनवर तीनदा सांगितलं होतं, क्लॉकवाइज जाऊ नका, सगळेच लोक चुकतात."

हिनं घाईनं फोन ठेवला. मी किल्ली फिरवली नाही.

"तुला माहीत होतं?"

तिनं हातातल्या कागदाची घडी घातली. "अर्विंगला तुम्ही दुकानात गेलात आणि तीन तासांनी आलात," ती म्हणाली. "कोथिंबीर सुकून गेली होती. आणि त्या घरच्या काकू दुसऱ्या दिवशी मला सांगायला आल्या होत्या, गॅरेजचं." मग म्हणाली, "तुम्ही इथे कशाला आलात ते मला कळत होतं. म्हटलं, चुकलेच, तर उलट गेलो म्हणून चुकलो असं म्हणता तरी येईल."

"आणि घळीत?"

"घळीत लगेच कळलं मला. म्हटलं, आता लक्षात येईल, मग येईल. हाक मारवेना हो."

मला राग यायला हवा होता. आला नाही. कुणीतरी आपल्यासाठी इतकं अवघड खोटं रचलं आणि ते घेऊन सात मैल चाललं, या विचारानं मला काय वाटलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. मी गाडी सुरू केली.

कच्चा रस्ता हायवेला मिळतो तिथे थांबलो. उजवीकडे सपाट माळ, डावीकडेही तसाच माळ. आदल्या रात्री उतरलो होतो ते मोटेल यांपैकी एकीकडे होतं. सकाळी मीच गाडी चालवत आलो होतो. पूर्वी अशा वेळी मी काहीतरी ठरवून टाकत असे आणि ते बरोबर निघत असे. हात इंडिकेटरवर गेला आणि तिथेच थांबला.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही."

तिनं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं.

"मलाही नाही," ती म्हणाली. "मी कधी बघितलंच नाही. तुम्ही होतात ना."

मग तिनं पर्समधून चष्मा काढला, पदराला पुसावा तसा तो शर्टाच्या टोकाला पुसला, आणि फोनवर एकेक अक्षर शोधत मोटेलचा पत्ता टाकायला लागली. मी ब्रेकवर पाय ठेवून ती काय सांगते याची वाट बघत बसलो.