डबा उतरतो तिथलं कॉलेज

बारावीनंतरच्या जुलैमध्ये मी लातूरची जागा सोडली आणि पुण्यातलं कॉलेज घेतलं. लातूरचं कॉलेज जास्त चांगलं होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मलाही.

कारण अभ्यासाचं नव्हतं. उमरग्यात मुलगी रस्त्यानं एकटी चालली की कुणीतरी विचारतंच, "कुणाची गं तू?" भाजीवाली विचारते. दवाखान्यातला कंपाउंडर विचारतो. हायवेवर ट्रकखाली आडवा झालेला मेकॅनिक नुसती मान बाहेर काढून विचारतो. उत्तर दिलं की पुढचा प्रश्न असतो, "मग हिकडं कुठं?" दहावीच्या सुट्टीत नात्यातल्या एका लग्नाला पुण्याला गेले होते. कार्यालयातून बाहेर पडून पेठेतल्या एका हॉटेलात एकटीनं डोसा खाल्ला. वेटरनं पाणी ठेवलं, नंतर बिल ठेवलं. विचारलं काहीच नाही. मला ते पाहिजे होतं.

आमचं घर एकत्र, एका चुलीचं, आणि निर्णय थोरल्या चुलत्यांचा असे. त्यांना सगळे आण्णा म्हणत. हायवेला त्यांचं ट्रॅव्हल्सच्या बुकिंगचं काउंटर आहे. पुण्याच्या गाड्या तिथं भरतात. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "आण्णा म्हणतील तसं."

आण्णा हो म्हणाले. कुणालाच ते अपेक्षित नव्हतं.

"लातूर जवळ हाय, पण तिथं आपलं कोण हाय?" ते म्हणाले. "पुण्याला रोज आपली गाडी जाते. फक्त कॉलेज गाडी उतरवती तिथंच पायजे. उतरली की कॉलेज. रिक्षा न्हाय, काय न्हाय."

मला दोन कॉलेजं मिळण्यासारखी होती. एक पेठेत, त्या हॉटेलापासून चालत जाण्याच्या अंतरावर. दुसरं हडपसरच्या पुढं सोलापूर रस्त्यावर, आमच्याकडच्या गाड्या माणसं उतरवतात त्या थांब्याजवळ. मोबाइलच्या नकाशावर दोन्हीतलं अंतर बोटाच्या पेराएवढं दिसलं. आमच्या भागात गाडी उतरवते त्या जागेलाच पुणं म्हणतात. मी पसंतीक्रमात थांब्याजवळचं कॉलेज वर टाकलं.

हॉस्टेलच्या खिडकीखालीच तो थांबा होता. पहाटे उमरगा, नळदुर्ग, तुळजापूरच्या गाड्या लागत. ज्वारीच्या पिठाच्या पिशव्या, तेलाचे डबे आणि झोपेतली माणसं खाली उतरत. पहिल्याच आठवड्यात एका क्लीनरनं खालून हाक मारली, "ओ ताई, आण्णांनी डबा दिलाय."

गावाकडून गाडीनं डबा येणं नवं नाही. अनेक मुलांना येतो. माझ्या डब्याला एक अट होती. तो रोज यायचा आणि रिकामा झालेला मी संध्याकाळच्या परतीच्या गाडीला स्वतःच्या हातानं द्यायचा. क्लीनर डबा घ्यायचा, मला खालपासून वरपर्यंत बघायचा आणि लगेच फोन लावायचा. "व्हय आण्णा. हायत. एकट्याच हायत."

कॉलेज सुटल्यावर बस पकडून पेठेत पोचेपर्यंत परतीच्या गाडीची वेळ होत असे. ऑगस्ट गेला. पुण्यात असूनही मी पुणं पाहिलं नव्हतं. सप्टेंबरात एक दिवस गेले, त्याच हॉटेलात डोसा खाल्ला आणि उशिरा परतले. डबा खोलीतच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीतून आण्णा स्वतः उतरले. मला गेटबाहेर बोलावलं.

"डबा कुठाय?"

"खोलीत आहे."

"पोरगा हाका मारून दमला. कुठं गेलतीस?"

"शहरात."

"कुणासंगं?"

"एकटी."

"एकटीला शहरात काय काम?"

"डोसा खाल्ला."

"डोसा!" ते मागं वळून गाडीतल्या माणसांकडं बघून हसले. "तुझी काकू तिकडं भाकरी थापून थापून मरायली, आन् हिला डोसा." मग माझ्याकडं वळले. "पुणं दिलं की तुला. आता आणखी कुठलं पुणं पायजे?"

"तुम्ही पुणं दिलं नाही. थांबा दिला."

उतरलेल्यांपैकी एकानं पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "कुणाची म्हणायची ही?"

"आमच्या धाकट्याची," आण्णा म्हणाले. मला म्हणाले, "हितनं पुढं रिकामा डबा आला न्हाय, तर म्या न्यायला येतो. सामान बांधायचं आन् निघायचं. कॉलेज बास."

त्याच दिवशी मी हॉस्टेलच्या वॉचमनशी बोलले. डबा तो घेणार, तो खाणार, तोच परत देणार. क्लीनरनं विचारलं तर ताई आजारी आहे, परीक्षा आहे, वर झोपली आहे. फोनवर सांगायला क्लीनरला एवढं पुरत होतं. मी संध्याकाळी बस पकडू लागले. मेसही लावली. गावाकडून फोनवर काकू म्हणाल्या, "आता डबा कसा चाटूनपुसून यायलाय." आण्णा मागून म्हणाले, "आली ताळ्यावर."

दिवाळीच्या सुट्टीत मी न कळवता एसटीनं निघाले. संध्याकाळी उमरग्यात पोचले. आण्णा काउंटरवर होते, ते झोपायलाही तिथंच राहिले. सकाळी मी पुढच्या खोलीत चहा पीत होते, तेव्हा ते घरी आले. हातात माझा डबा होता, नुकताच पुण्याच्या गाडीतून उतरलेला.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. झाकण काढलं. डबा घासलेला होता.

"काल संध्याकाळी ह्यो कुणी दिला?" त्यांनी विचारलं.

"वॉचमननं."

"आन् खाल्ला कुणी?"

"त्यानंच. सप्टेंबरपासून."

काकूंनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन डबा आण्णांच्या हातातून घेतला आणि फरशीवर आपटला. आण्णा वडिलांना म्हणाले, "हिचं नाव कॉलेजातनं काढायचं. आजच."

वडील दाढी करत होते. आरशातून नजर न काढता म्हणाले, "ती कॉलेजला जाईल."

"काय म्हणालास?"

"ती जाईल, आण्णा."

पाडव्याच्या दिवशी घरात दुसरी गॅसची शेगडी आली आणि आईनं मागच्या खोलीत मांडली. भाऊबीजेनंतर वडिलांनी मला मोटारसायकलवरून एसटी स्टँडवर सोडलं. जाताना काउंटर लागलं. आण्णा आत बसले होते.

सुट्टीनंतरच्या पहिल्या पहाटे गाडी हॉस्टेलसमोर थांबली. माणसं उतरली. वॉचमन डब्यासाठी गेटबाहेर जाऊन उभा राहिला. क्लीनरनं दार लावलं आणि गाडी पुढं गेली.