उरलेला गोंद

सौंसरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी साफसफाई करते. तिथल्या ऑपरेशनच्या सिस्टर फार हळू बोलतात. प्रत्येक म्हातारीला "माय" म्हणतात आणि लगेच आडनाव विचारतात. कोणी घरची संत्री आणली, तर तिथंच सोलून खातात. मी आणलेली मात्र आधी नळाखाली धुतात. आमच्या बौद्ध वस्तीत हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

उन्हात राबून माझ्या आईच्या डोळ्यात मांस वाढलं होतं. ते काढून डॉक्टर त्या जागी त्याच डोळ्याचा पातळ पापुद्रा बसवतात. तो टाक्यांनी शिवतात, नाहीतर गोंदानं चिकटवतात. टाके बरेच दिवस खुपतात, गोंद खुपत नाही. तो माणसाच्या रक्तातल्या प्रोटीनपासून बनतो, हे मला सिस्टरनीच सांगितलं होतं.

आई टेबलावर असताना डॉक्टरांनी विचारलं, "गोंद आहे का?"

"संपला, सर," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी टाके घातले. नंतर ट्रे उचलताना मला सिरिंजमध्ये गोंद दिसला.

"सिस्टर, ह्यात तर हाय ना अजून?"

"असू दे. उद्या पाटलीणबाईचं ऑपरेशन हाय," त्या नेहमीसारख्याच हळू म्हणाल्या. "तुह्या मायले काय होते टाक्यानं? तुमच्या लोकायची कातडी जाड असते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फ्रिजमधून तो गोंद आणायला सांगितलं. मी आणून दिला. घरी आई, खुपणारा डोळा चोळला जाऊ नये म्हणून, दोन्ही हात पदरात गुंडाळून बसली होती.